आधी तोंड बघावं

सटवाबा कुणालाही पहिल्यांदा भेटला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग ते कुत्रं असो, कोकरू असो, नाहीतर तहसिलीतून आलेला कारकून. शहागडच्या आमच्या मळ्यात त्याच्या चाळीस मेंढ्या बसायच्या. मेंढ्यांनी रानाला खत द्यायचं आणि आम्ही उन्हाळाभर विहिरीचं पाणी द्यायचं, असं वडिलांचं आणि त्याचं ठरलेलं. त्या पाण्यावरच त्याचा कळप मृगापर्यंत तग धरायचा.

एकदा त्याला गोदावरीच्या दरडीत मागचा पाय चेचलेली घोरपड सापडली, दीड हात लांब. विहिरीजवळचा हौद तडा जाऊन कोरडा पडला होता. त्यात वाळू नि दगड टाकून त्याने तिला ठेवलं आणि ती मला देऊन टाकली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. जगातलं सगळं मला कळत होतं; पुढे ते कमी कमी होत गेलं.

घोरपड एकटी पडलीय, हे अर्थात मला कळलं. तिला जोडीदार हवा म्हणून मी रोज एक नाव काढायची आणि सटवाबा लोकर कातरता कातरता ते खोडायचा. बेडूक तिच्या घशात जाईल. कासवाला ओल लागते, हिला कोरडं. दुसरी घोरपड आणली तर एका उंदरावरून दोघी एकमेकींना फाडतील.

"ज्याच्या तोंडात जो मावतो, त्यो त्याचा सोबती न्हाई, बाई," तो म्हणायचा. "आन् सोबत तिला कुठं पायजे? तुला पायजे."

मी पिच्छा सोडीना, तेव्हा त्याने खुराड्यात नवी कोंबडी घ्यायची आपली रीत सांगितली. नवीला तीन दिवस डाल्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, झाकायचं. जुनी डाल्याभोवती घिरट्या घालायला लागली, तर नवीला मुकाट्याने परत न्यायचं.

वडिलांचा एक पाळलेला तितर होता. पहाटे तो ओरडल्याशिवाय ते अंथरूण सोडत नसत. एका सकाळी वडील घनसावंगीला आणि सटवाबा मेंढ्यांमागे गेलेला बघून मी तो तितर पिंजऱ्यातून काढला आणि हौदात डाल्याखाली ठेवला. म्हणजे रीत मी पाळली बरं का. फक्त तीन दिवसांऐवजी शंभरापर्यंत आकडे मोजले, तेही मधले काही गाळून. घोरपड जागची हलली नाही. तिला तितर पसंत पडला, असं मी ठरवलं आणि डालं उचललं.

पंख कातरलेला तितर उडणार कुठे?

दुपारी वडील परतले तेव्हा हौदात पिसं तेवढी होती. त्यांच्या हातात बैलांचा आसूड होता. हे कुणी केलं म्हणून त्यांनी विचारलं. मेंढ्यांना पाणी पाजायला सटवाबा नुकताच विहिरीवर आला होता. मी त्याच्याकडे बोट केलं.

"हिनं सांगितलं ते खरं?" वडिलांनी विचारलं.

सटवाबाने माझ्याकडे पाहिलं. "मालकाची लेक कशाला खोटं बोलंल?" तो म्हणाला.

वडिलांनी पाणी तोडलं. चैत्राचं ऊन होतं. निम्म्या मेंढ्या तहानलेल्या तशाच त्याने वळवल्या. जाताना घोरपडीला डाल्यात घालून घेऊन गेला, आमच्याकडे तिला मारलंच असतं म्हणून. मी ओट्यावर उभी राहून रडले, आणि ते रडणं तितरासाठी आहे असं समजून आईने मला गूळ दिला. तो मी खाल्ला.

लग्नानंतर सासरी जाताना बदनापूरच्या स्टेशनात तो मला दिसला. अंगावर हमालाचा सदरा, शेजारी चार वर्षांची नात. मेंढ्यांचं विचारलं, तर म्हणाला, "त्याच उन्हाळ्यात गेल्त्या, बाईसाहेब." आणि मग, "मालकांनी दुसरा तितर आणला का?"

आणला, असं मी म्हणाले. खरं काय ते ओठांवर आलं होतं, पण नव्या शालूतल्या बाईने हमालाची माफी कशी मागावी? त्याऐवजी शिदोरीतला लाडू काढून मी नातीपुढे धरला. पोरीने हात पुढे केला.

सटवाबाने माझ्या तोंडाकडे बघितलं, चांगलं निरखून. मग नातीचं मनगट धरून तिला आपल्या पलीकडच्या बाजूला घेतलं.