माणसाने बघावे

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा नाशिकला अंबडमधल्या आमच्या वर्कशॉपच्या दारात टेम्पो लागलेला होता आणि माल चढत होता. फोनवर तिचा मुलगा रोहित. आवाज अगदी सपाट. "मावशी, आई गेली. चहा ठेवला, खुर्चीत बसली आणि... तशीच." मी बरं म्हटलं, टेम्पो भरून घेतला, चलनावर सही केली आणि मग रिक्षाने तिच्या घरी गेले. मैत्रीण गेल्याचं कळल्यावरही टेम्पो भरत बसले, याला कुणी काय म्हणेल ते म्हणो. कुंदाने नाक मुरडलं नसतं. तिने उलट विचारलं असतं, "माल वेळेत पोचला ना?" हे माझ्या मनात तिथे दारातच आलं, पण कुणाला बोलले नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. माझं कामात लक्ष लागत नाही, आणि त्याला कारण नुसतं तिचं जाणं नाही. रोहितने माझ्याकडे तिचे व्हॉइस मेसेज मागितले. माझ्या फोनमध्ये ते ढीगभर आहेत, कारण कुंदाला टाइप करायचा कंटाळा. रोहित पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्या मेसेजवरून त्याला आईचा आवाज तयार करायचा आहे, बोलणारा, आपण विचारलं की उत्तर देणारा. "चीनमध्ये लोक करतात, मावशी. आईनेच मला सांगितलं होतं." तिनेच सांगितलं होतं, हे खरं. मलाही सांगितलं होतं. तीच तर अडचण.

कुंदाला चिनी येत होतं. नाशिकमध्ये हे सांगितलं की लोक आधी हसत आणि मग नूडल्सचा विषय काढत. वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. यंत्रांवरची रशियन अक्षरं ते घरी पाटीवर काढून दाखवत, तेव्हापासून तिला परक्या लिपीची भीती उरली नाही. पुढे पुण्याला जाऊन ती चिनी शिकली आणि इकडच्या व्यापाऱ्यांबरोबर दुभाषी म्हणून चीनला जाऊ लागली. कुणाला पंप हवे असत, कुणाला द्राक्षं पॅक करायची यंत्रं. मग फोनमध्येच भाषांतर व्हायला लागलं आणि हिची बोलावणी थांबली. "मला फोनने रिटायर केलं," ती म्हणायची. "शाल नाही, नारळ नाही, एक भाषणसुद्धा नाही!" रडत बसली नाही. त्याच फोनवर रोज चिनी वर्तमानपत्रं आणि तिथल्या लोकांच्या गप्पा वाचायला लागली. विषय मुख्यतः एकच, ज्याने तिला घरी बसवलं तो. ही कृत्रिम बुद्धी चीनमध्ये काय करते आहे आणि तिथल्या माणसांचं तिच्याबद्दल काय म्हणणं आहे.

आमच्याकडे तेव्हा चीनहून कॅमेऱ्याचं मशीन आलं होतं. पंपाची रबरी सील पट्ट्यावरून जातात, कॅमेरा फोटो काढतो, चांगलं सील हिरव्या ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये. एक पिवळा ट्रेही होता. त्यात सील पडताना दिवा लागायचा आणि स्क्रीनवर चिनी अक्षरं यायची. मशीन बसवायला आलेल्या पोराने फोन धरून भाषांतर काढलं: कृत्रिम तपासणी. आम्ही खूश. मशीन स्वतःच्या बुद्धीने दुसऱ्यांदा तपासतंय, अजून काय पाहिजे! पिवळा ट्रे भरला की हिरव्यात रिकामा व्हायचा. तपासणीच्या टेबलावरच्या शोभाला आम्ही पॅकिंगला बसवलं. महिना संपायच्या आत एका गिऱ्हाईकाने खोकी परत पाठवली.

त्याच आठवड्यात कुंदा मला डबा द्यायला आली, स्क्रीनपुढे उभी राहिली आणि ठसका लागेपर्यंत हसली. "अगं बाई, ते बिचारं केव्हाचं ओरडतंय, माणूस पाठवा, माणूस पाठवा! आणि तुम्ही त्याला शाबासकी देताय?"

मग तिने शब्द समजावला. रन्कुंग. रन् म्हणजे माणूस, कुंग म्हणजे काम. माणसाने केलेलं. निसर्गाने नाही, माणसाने केलं म्हणून त्याचा अर्थ कृत्रिम. आणि यंत्राने नाही, माणसाने करायचं म्हणून त्याचाच अर्थ हाताने. कृत्रिम बुद्धीच्या चिनी नावात पहिला शब्द हाच. "आणि तिथले लोक हेल्पलाइनला फोन करतात ना, यंत्र गोड गोड बोलत राहतं, मग वैतागून ओरडतात, रन्कुंग द्या, रन्कुंग! म्हणजे माणूस द्या. ज्याच्या नावाने ओरडायचं आणि ज्याला बोलवायचं, दोघांचं नाव एकच. आहे की नाही मजा?" मार्कर मागून घेऊन तिने एका पुठ्ठ्यावर लिहिलं, 'माणसाने बघावे', आणि पिवळ्या दिव्याखाली चिकटवलं.

शोभा सिन्नरकडची. पुठ्ठा वाचून म्हणाली, "माणसानं? मंग बाईनं बघितलेलं चालंल ना, ताई?"

"बाईनेच बघायचं," कुंदा म्हणाली. "माणसं चहाला गेलेली असतात."

शोभा टेबलावर परत आली. पिवळ्या ट्रेमधलं सील ती उचलते, उजेडात धरते आणि ठरवते. मशीनही आहे, तीही आहे.

त्यानंतर कुंदाचे मेसेज वाढले. मी जेवत असले, बँकेच्या रांगेत असले, की हिचं सुरू: "काय गं, चालू आहे का?" आणि मग चीन. तिथल्या लहान गावांत बायका दिवसभर संगणकापुढे बसून फोटोंतल्या वस्तूंभोवती चौकटी काढतात, त्यावरून यंत्र शिकतं. "म्हणजे तिकडेही शोभा आहेच बघ." जेवण पोचवणारी पोरं, त्यांना अ‍ॅप सांगतं त्या वेळेत पोचायचं म्हणजे सिग्नल तोडावा लागतो. म्हाताऱ्यांना हॉस्पिटलात फोनवरून नंबर लावता येत नाही म्हणून नातवंडं लागतात. आपल्याकडे चीनचं नाव काढलं की एक जण म्हणतो ते लोक कुठल्या कुठे पोचले, दुसरा म्हणतो सगळं खोटं आहे. दोघांनीही तिथलं एक वाक्य वाचलेलं नसतं, याची कुंदाला भारी चीड. "मला त्यांची कुरकुर वाचायला आवडते," ती म्हणायची. "कुरकुर वाचली की कळतं, माणसंच राहतात तिथे."

मेलेल्या माणसांच्या आवाजाचं तिने मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं, मेथी निवडताना. कुणा बाईने लिहिलं होतं की तिने गेलेल्या आईचा आवाज करून घेतला. आई बोलते, विचारपूस करते, पण कध्धी रागवत नाही. म्हणून तिने तो बंद केला. मी म्हटलं, वेडे आहेत का हे लोक? कुंदाने देठ खाली ठेवले. "हसू नकोस. आपण फोटोला हार घालतो, ते आवाजाला घालतात."

"तुझा केलेला चालेल तुला?"

"मी कुठे असणार आहे तेव्हा? ज्याला ऐकायचंय त्याला विचार."

एवढंच. ना हो, ना नाही. आता ज्याला ऐकायचंय तो माझ्याकडे मागतो आहे, आणि मी मेसेज दिले नाहीत तर त्याच्याकडे आईचा आवाज जवळजवळ नाहीच, कारण त्याला ती फोनच करायची आणि फोन मागे काही ठेवत नाही. दिले, तर कुंदाच्या तोंडी कुणीही काहीही घालेल. मी दोन्ही बाजूंनी विचार करून दमले. पोळी करपली, एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचा दर सांगितला. शेवटी रोहितला म्हटलं, "देते. पण तिच्या आवाजात जे वाक्य काढशील ते आधी मला पाठवायचं. मी पास केल्याशिवाय ते कुणी ऐकायचं नाही, तूसुद्धा नाही."

"मी न ऐकता तुला पाठवू कसं, मावशी?"

"बरं, तू ऐक. पण आई म्हणून नाही. माल म्हणून."

तो हसला. ती गेल्यावर पहिल्यांदाच.

पहिली क्लिप आली: "कशी आहेस तू?" मी लगेच कळवलं, रिजेक्ट. तुझी आई मला हे कधीही विचारत नव्हती. दुसरीत ती चीनबद्दल शांतपणे, क्रमाने माहिती देत होती. रिजेक्ट. इतकं सरळ वाक्य तिने जन्मात पूर्ण केलं नाही, मध्येच कुकरकडे धावायची. तिसरीत मी मुद्दाम विचारायला लावलं, रन्कुंग म्हणजे काय? दोन्ही अर्थ बरोबर सांगितले, कुंदापेक्षा नीट सांगितले, आणि वर "आणखी काही मदत हवी आहे का?" रिजेक्ट, रिजेक्ट. "तू कस्टमरपेक्षा कडक आहेस," रोहित म्हणाला. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. प्रत्येक रिजेक्टबरोबर खरी कुंदा जरा ठळक होत होती.

परवा ऑफिसात बसले असताना आणखी एक क्लिप आली. आधी थोडा श्वास, मग तिचा तो घाईचा आवाज.

"काय गं, माल वेळेत पोचला ना?"

रोहितला विचारलं, हे तू घातलंस का? नाही म्हणाला, ते आपणहून आलं. तिच्या मेसेजमध्ये हे वाक्य कुठे असेल म्हणून मी शोधते आहे. असेलही, ती काहीही विचारायची... पण अजून सापडलेलं नाही. रोहितचे दोनदा मेसेज आले: "मावशी, पास की रिजेक्ट?"

आज फोन टेबलावरच ठेवून उठले आणि खाली शॉपवर गेले. मशीन चालू होतं. पुठ्ठ्याची सेलोटेप शोभाने बदललेली दिसली, अक्षरं जरा फिकी झाली आहेत पण वाचता येतात. दिवा लागला आणि एक सील पिवळ्या ट्रेमध्ये पडलं. शोभा पलीकडे खोकं बांधत होती. ती वळायच्या आत मी ते उचललं, खिडकीशी नेलं आणि उजेडात धरून बघत राहिले.

"काय हाय मॅडम, पास का?" शोभाने विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "बघते आहे."