पूर्वीच्या रिसेप्शनचं जेवण

नायगावच्या बीडीडी चाळीत ज्यांची लग्नं झाली, त्यांना लवू धुरी आठवतो तो हातात वाढपाची बादली घेतलेलाच. माझगावच्या गोदीत तो फिटर होता, पण चाळीत लग्न निघालं की रजा टाकायचा. दोन इमारतींच्या मधल्या जागेत मांडव पडायचा, पंगती बसायच्या आणि लवू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीओळीतून फिरायचा. कोण लाजून नको म्हणतंय आणि कुणाला खरंच नको आहे, हे त्याला पानाकडे बघून कळायचं. शेवटची पंगत उठली की मग तो स्वतः बसायचा, आणि असा जेवायचा की बघणाऱ्याला पुन्हा भूक लागावी. कमल नवी नवरी होऊन चाळीत आली तेव्हा बायांनी तिला सांगितलं होतं, "तुझ्या नवऱ्याला भांडण येत नाही, पण वाढायला येतं."

त्याच लवूला साठी उलटल्यावर अन्ननलिकेचा कॅन्सर झाला.

आधी चपातीचा घास अडकायला लागला. मग भात. मग पेजसुद्धा उलटून यायला लागली आणि परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. तोवर चाळ पाडायला घेतली होती. धुरी कुटुंब वडाळ्याला भाड्याच्या खोलीत आलं होतं. कमल नाचणीची आंबील करायची, दोनदा गाळायची आणि सिरिंजमधून हळूहळू नळीत सोडायची. लवू छताकडे बघत पडून राहायचा. चव नाही, वास नाही, नुसतं पोटात काहीतरी कोमट उतरल्याची जाणीव.

कमलला स्वतःच्या जेवणाची लाज वाटायला लागली. एका खोलीत लपून जेवणार तरी कुठे? मासे आणणं तिनं बंद केलं. फोडणी करणं टाळलं. लवूचा डोळा लागला की ती मोरीच्या कडेला उभ्या उभ्या दोन घास पोटात ढकलायची, भांड्यांचा आवाज न करता. आणि लवू झोपलेला नसायचा. ताटली उचलल्याचा आवाज आला की तो भिंतीकडे तोंड करायचा. दोघंही एकमेकांना फसवत होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

अशात लेकीचं, पूर्वीचं, लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. तिच्याच ऑफिसातला दादरचा यशोधन. दोघांनी ठरवून टाकलं होतं, रजिस्टर लग्न करायचं आणि घरी पेढे वाटायचे.

"पप्पा, बाकी काही नको," पूर्वी त्याच्या उशाशी बसून म्हणाली. "तुमची ट्रीटमेंट चालू आहे. आत्ता कुठे हॉल आणि कॅटरर?"

लवूचा आवाज तोवर पार बसला होता. तो बोलला की कान जवळ न्यावा लागायचा. "साऱ्या चाळीक मी वाढलंय," तो म्हणाला. "माझ्या चेडवाच्या लग्नात लोक पेढो खाऊन जातले?"

पूर्वीनं आईकडे बघितलं. कमल लवूच्या पाठीमागे उशी लावत होती. बऱ्याच दिवसांनी लवू कशासाठी तरी उठून बसला होता, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

मग हॉलची शोधाशोध सुरू झाली. दादरचे दोन हॉल पूर्वीनं फोनवरच विचारले. दोघांनीही स्वतःचाच कॅटरर लावायची अट घातली, आणि एका ताटाचा भाव ऐकूनच पूर्वीनं फोन ठेवला. यशोधनची आई कालिंदीताई स्वतः वडाळ्याला आल्या. शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, बोलणं मोजकं. "आपण खर्च निम्मा निम्मा करू," त्या म्हणाल्या. लवूनं हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली. त्याचं म्हणणं कमलनं सांगितलं, "ते म्हणतात, हॉल तुम्ही बघा, सजावट तुमची. जेवण मात्र आमचं."

शेवटी परळला एका संस्थेचा पहिल्या मजल्यावरचा छोटा हॉल मिळाला. तिथे बाहेरचा आचारी चालत होता. लवूला संध्याकाळी ताप चढायचा, म्हणून रजिस्टर लग्नानंतरचं रिसेप्शन दुपारी ठेवलं. अडचण एकच होती. हॉल सांभाळणारे अप्पा म्हणाले, "स्वयंपाक बाहेरून करून आणा. वर शेगडी पेटवायची नाही."

हॉल बघायला लवू टॅक्सीनं गेला होता, कमलच्या खांद्याला धरून. त्यानं अप्पांना खूण करून जवळ बोलावलं. "वडे थंड झाले तर चामड्यासारखे लागतात," तो कुजबुजला. "मागच्या अंगणात एक शेगडी लावू दे. फक्त वड्यांपुरती."

अप्पांनी त्याच्या नाकातल्या नळीकडे बघितलं, मग खाली मान घालून म्हणाले, "लावा. पण अंगण धुऊन द्यायचं."

आचारी बाबुराव. तोही चाळीतलाच, लवूचा जुना दोस्त. चाळीतल्या लग्नांत एकानं शिजवायचं आणि दुसऱ्यानं वाढायचं, अशी त्यांची जोडी. आता लालबागला एका गाळ्यात त्याचं स्वयंपाकघर होतं, तिथूनच तो ऑर्डरी करायचा. कालिंदीताईंकडे मांसाहार नव्हता, तेव्हा बेत ठरला काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, बटाट्याची भाजी, वरणभात, सोलकढी आणि जिलेबी. बाबुराव म्हणाला, "लवू, येऊन चाखून जा." आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"येतंय," लवू म्हणाला.

गाळ्यात पाऊल टाकताच कमल थबकली. भाजलेल्या खोबऱ्याचा वास सगळीकडे भरला होता. किती महिन्यांत तिच्या घरात हा वास आला नव्हता. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे मिटून नाकानं हवा ओढत होता, एका नाकपुडीत नळी आणि दुसरी मोकळी.

बाबुरावनं स्टुलावर ताटली ठेवली. सांबारं, दोन वडे, बाजूला भाजी. कुणीच हात लावेना.

"खा गो," लवू म्हणाला.

"मी नंतर बघते. भूक नाही मला."

"कमल, माका चव कोण सांगतला? खा."

तिनं वडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला आणि तोंडात घातला. घास तोंडातच फिरत राहिला. समोर लवू वाकून बसला होता, तिच्या ओठांकडे, गळ्याकडे बघत. तिनं घास गिळला तेव्हा त्याचाही कंठमणी हलला.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"खोबरां जास्त भाजला हा? कडू लागता?"

"थोडंसं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. चोरून खाल्लेले सगळे घास एकदम वर आल्यासारखं ती रडली. बाबुराव उठून बाहेर गेला. लवूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मोरीत उभी राहून जेवतंस, माका दिसत नाय असा वाटता तुका?" तो म्हणाला. "माझ्यासमोर बसून जेव. माका बघूक बरा वाटता."

तिनं रडत रडत दोन्ही वडे संपवले. लवू तिच्याकडे बघत राहिला, आणि मग बाबुरावला हाक मारायला सांगून त्यानं खोबरं कमी भाजायला बजावलं.

त्या दिवसापासून कमल त्याच्यासमोर बसून जेवायला लागली. तो विचारायचा, ती सांगायची. एकदा तिनं बांगडे तळले. त्या संध्याकाळी लवू खूप बोलला.

रिसेप्शनच्या आदल्या दिवशी सकाळीच त्याला धाप लागली. ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, घरी सोडता येणार नाही. पूर्वी मेंदी भरलेल्या हातांनी पलंगाचा गज धरून उभी होती. "मी सगळ्यांना फोन करून नको म्हणून सांगते," ती म्हणाली. "पप्पांशिवाय कसलं रिसेप्शन?"

लवूनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली, तरी त्यानं तो हातात धरून ठेवला. "बाबुरावान वाटाणे भिजत घातले असतले," तो म्हणाला. दोन वाक्यांच्या मधे त्याला दम खावा लागत होता. "लोक जेवले पायजेत."

रिसेप्शन झालं. सकाळभर यशोधन लवूच्या उशाशी बसला, कमल पुढे हॉलवर गेली. चाळीतली माणसं आता कुठे कुठे पांगलेली, विरारहून, कल्याणहून, बदलापूरहून आली होती. प्रत्येक जण जिना चढून आला की आधी विचारायचा, "लवू खंय?" आणि कमल प्रत्येकाला तेच सांगायची. सांगता सांगता तिचा आवाज कोरडा पडला. मागच्या अंगणात शेगडी धडधडत होती, गरम वडे वर येत होते, पण वाढायला उभं राहायचं बळ तिच्यात नव्हतं. कालिंदीताईंनी ते पाहिलं. पैठणीचा पदर कमरेला खोचून त्यांनी वाढप्याच्या हातातली परात घेतली आणि स्वतः पंगतीत वाकल्या.

"तुम्ही जा त्यांच्याकडे," त्या कमलला म्हणाल्या. "यशोधनला इकडे पाठवा. इथलं मी बघते."

हॉलपासून इस्पितळ चालत जाण्याइतकं जवळ होतं. काठापदराच्या साडीत कमल भरउन्हात चालत गेली. यशोधन तिच्या पाया पडून निघाला.

लवू जागा होता. त्यानं बोटांनी विचारलं, किती माणसं आली? "एक पंगत उठली की लगेच दुसरी बसतेय, एवढी," ती म्हणाली. वडे गरम होते का? होते. मग त्यानं मास्कच्या आतून विचारलं, "तू जेवलंस?"

कमलनं मान खाली घातली.

लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारात एवढं सोसलं, पण तो रडलेला तिनं पाहिला नव्हता. "मगे मी कित्याक केलंय सगळा?" तो म्हणाला, आणि खोकल्यानं त्याला पुढे बोलू दिलं नाही.

दुपार कलल्यावर नवरा-नवरी तसेच लग्नाच्या कपड्यांत आले, सोबत डबा घेऊन कालिंदीताई. सिस्टरनं एकेकाला आत सोडलं. पूर्वी बापाच्या पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठली नाही. मग कमल स्टुलावर बसली, डबा मांडीवर घेतला आणि जेवली. एकेक घास, सावकाश. तिला चव लागत नव्हती, तरी तिनं सांगितलं की खोबरं या वेळी बेताचं भाजलंय. लवू बघत होता. बघता बघता त्याला झोप लागली.

तो घरी परत आला नाही. पूर्वीच्या हातावरची मेंदी पुरती उतरायच्या आत तो गेला.

तेराव्याला एक बाई दबक्या आवाजात बोललीच, बाप मरणाला टेकलेला आणि पोरीनं जेवणावळ घातली. पूर्वीनं ते ऐकलं आणि ती मोरीकडे जाऊन बसली. कमल उठून त्या बाईसमोर गेली. "माझ्या मुलीला काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "हुकूम त्यांचा होता. तुम्हीही त्या पंगतीला होतात." पण त्यानंतरही पूर्वीचं मन शांत झालं नाही. वडाळ्याला आली की ती एकदा तरी विचारतेच, "आई, थांबायला हवं होतं का आपण?" आणि कमलला दर वेळी पहिल्यापासून समजवावं लागतं.

महिन्याभरानं कमल कपाट आवरायला बसली. नळीतून द्यायच्या पावडरचे न उघडलेले डबे निघाले, सिरिंजा निघाल्या. ते सगळं पिशवीत घालून ती परळला गेली. इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं पथारी टाकून असतात. तिथे एक तरुण बाई नवऱ्याला भिंतीला टेकवून बसली होती. त्याच्या नाकात नळी होती. कमलनं पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी बसून तिला सांगितलं, आंबील दोनदा गाळ, कोमट असतानाच सोड, शेवटी पाणी घाल म्हणजे नळी तुंबत नाही.

बाई लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या मालकांना गुण आला का हो?"

कमलला खरं बोलवेना आणि खोटंही बोलवेना. "मुलीचं लग्न पार पाडलं त्यांनी," ती म्हणाली. बाईच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. तिनं ते वळून नवऱ्याला सांगितलं. कमल उठली आणि मागे न बघता बसस्टॉपकडे चालायला लागली.