मंत्र्याच्या बुटाची नाडी

अरे रघू, इकडे बघ जरा. टीव्हीतून साऱ्या जिल्ह्याला हात हलवतोस आणि सख्ख्या आत्याला विसरलास होय?

काल पुलाच्या भूमिपूजनात गुरुजींनी तुला बूट काढायला सांगितले. शिपाई नाडी सोडायला वाकला, तर त्याचा हात बाजूला सारून तू स्वतःच सोडत बसलास. केवढा वेळ लावलास! अधिकारी सगळे ताटकळले, आणि मला मात्र हसू फुटलं.

बंदी घातलेल्या दलाचा तू म्होरक्या होतास, डोक्यावर सरकारचं बक्षीस होतं, तेव्हा माझ्या उंबऱ्यावर बसून जेवायचास. ताट मांडीवर, पाय बाहेर. "मेल्या, बूट काढून नीट आत बस," म्हटलं की म्हणायचास, "आत्या, नाडी बांधेपर्यंत पोलीस थांबतील का?" मग अंबाडीची भाजी पुन्हा मागून घ्यायचास. भीतीचे दिवस ते, तरी आठवले की गोड लागतात. मन असं कसं असतं, कोण जाणे.

समोरच्या कुसुमला मात्र ते गोड लागत नाहीत. तिच्या नवऱ्याला खबऱ्या समजून तुझ्या माणसांनी नेलं, तो परतलाच नाही. काल ती माझ्याशेजारीच बसून टीव्ही बघत होती. तुझे अनवाणी पाय दिसले तशी हळूच म्हणाली, "काकू, आता हा आपल्या गल्लीत चालत येऊ शकतो की."

रघू, गाड्यांचा ताफा वेशीबाहेर ठेव. आधी तिच्या दारात जा, विचारेल त्याचं खरं उत्तर दे. मग माझ्याकडे जेवायला ये. लवकर ये रे, ती फार थकलीय.