थांबा मेकॅनिक

मला तो माणूस कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला चांगुलपणाचं सर्टिफिकेट द्यायला नको.

एसी दुरुस्तीच्या ऑफिसात मी अकरा वर्षं फोनवर आहे. तक्रार घ्यायची, पत्ता लिहायचा, मेकॅनिक पाठवायचा आणि त्यानं तिथं जाऊन जे दिवे लावले असतील त्याबद्दल शिव्या खायच्या, हे माझं काम. आमच्याकडे सात मेकॅनिक होते. सहांच्या मिळून जेवढ्या शिव्या यायच्या तेवढ्या ह्या एकट्याच्या यायच्या. पाठीमागे सगळे त्याला 'थांबा' म्हणायचे, कारण गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा.

एसीवर बर्फ साचलाय अशी तक्रार आली की बाकीचे सहाजण काय करायचे? आत डोकवायचे, "गॅस कमी झालाय" म्हणायचे, गॅस भरायचे, सही घ्यायचे आणि पसार. हा बाबा कूलिंग बंद करायचा, नुसता पंखा चालू ठेवायचा, खाली बादली आणि जुनी चादर लावायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. दोन तास, कधी अडीच, बर्फ आपोआप वितळेपर्यंत. चहा विचारला तर नको, पाणी विचारलं तर आणलंय. घरातलं कुणी काही बोलायला गेलं की, "थांबा."

मग मला फोन. "अहो, तुमचा माणूस आमच्या हॉलमध्ये रुसलेल्या पाहुण्यासारखा बसलाय. हात लावत नाही, बोलत नाही. आम्ही ह्याच्याकडे बघत बसायचं का?"

बोलत नव्हता तेच बरं होतं. कारण बोलला की संपलंच. एका बाईंना फिल्टर दाखवून म्हणाला, "हा फिल्टर आहे की गोधडी?" एका गृहस्थांना विचारलं, "कुत्रं पाळलंय? नाही? मग हे एवढे केस कुणाचे?" त्यांच्या मिसेस तिथंच उभ्या होत्या. ह्या दोन तक्रारी लेखी आल्या आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "तिसरी आली की घरी बसायचं." बावन्न वर्षांचा माणूस, गुडघा दुखावलेला, शिडी चढताना कण्हणारा. इथून गेला तर दुसरीकडे त्याला कुणी उभं करणार नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं, त्यालाही होतं. तरी तोंड काही बदललं नाही.

माझा राग मात्र निराळा होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या एसीवर सारखा बर्फ जमायचा. भाऊजींनी बाहेरचे मेकॅनिक आणून तीनदा गॅस भरून घेतला होता. आठ दिवस बरे जायचे की पुन्हा पाइपावर पांढरा थर, पुन्हा गळती, पुन्हा उकाडा. शेवटी ताईनं मला फोन केला. बाकीचे कामावर अडकले होते म्हणून मी नाइलाजानं ह्याला पाठवला.

हा तिथं अडीच तास बसला. बर्फ वितळल्यावर फिल्टर काढून धुतला, ब्लोअरच्या पंख्यातला कचरा काढला आणि एसीसमोर लोंबणारा जाड पडदा ओढून एका बाजूला बांधून टाकला. भाऊजी म्हणाले, "पण गॅस?" त्यावर ह्यानं माझ्या भाऊजींना शाळेतल्या मुलासारखं समजावलं. "आतली कॉइल, ही नळ्यांची जाळी, गार असते. तिच्यावरून खोलीतली हवा फिरली पाहिजे. तुम्ही फिल्टर बुजवला, वर पडदा लावला, हवा फिरणार कुठून? कॉइल गारच होत जाते आणि हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो. आणि गॅस म्हणाल तर तो आपोआप संपत नाही. तीनदा भरायला लागला म्हणजे एक तर गळती आहे, नाही तर तुम्हाला तीनदा बनवलंय." मग तासभर साबणाचा फेस लावून सगळे जोड तपासले. गळती नव्हती. म्हणजे बनवलंच होतं.

त्यानंतर त्या एसीवर बर्फ जमला नाही. ताईनं मला आठवडाभर ऐकवलं, "एवढा जाणता माणूस तुझ्या ऑफिसात, आणि तू त्याच्या नावानं बोटं मोडतेस?" अकरा वर्षांत माझ्या कामाचं तिनं एकदा कौतुक केलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ह्यानं आणखी एक प्रताप केला. मला न विचारता माझ्या फोनच्या वरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. ठळक अक्षरात लिहिलेलं: 'बर्फाची तक्रार आली तर सांगणे. कूलिंग बंद करा. फक्त पंखा चालू ठेवा. खाली भांडं ठेवा. बर्फाला सुरी, चमचा, काही लावू नका, आतली नळी पातळ असते.'

"हे काय?" मी विचारलं.

"लोकांना फोनवरच सांगत चला बाई. माझा वेळ वाचेल."

"मला काय सांगायचं ते मला कळतं."

"कळत असतं तर कागद लावायला लागला नसता."

मी त्याच्यादेखत तो कागद फाडला आणि टोपलीत टाकला. तो बॅग उचलून कामावर गेला.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळपासून फोन खाली ठेवायला मिळत नव्हता. एका बाईंचा फोन आला, एसीवर बर्फाचा हा एवढा गोळा आणि घरात लहान बाळ. माणूस दुपारशिवाय मिळणार नाही म्हटल्यावर त्या माझ्यावरच घसरल्या. "तोपर्यंत आम्ही काय करायचं? हा बर्फ काढून टाकू का?"

काय सांगायचं ते मला तोंडपाठ होतं. ते त्याच्या अक्षरात माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि नेमकं म्हणूनच माझ्या तोंडून ते निघेना.

"काढा की," मी म्हणाले.

"कशानं?"

"सुरीबिरीनं. हळूच."

दुपारी थांबा तिथं पोचला. त्यानं कव्हर उघडलं तर बर्फ अर्धा खरवडलेला, नळीला चीर आणि गॅस सगळा गेलेला. तसं त्यानं कामाच्या पावतीवर लिहिलं. बाईंनी सही करायला नकार दिला आणि साहेबांना फोन लावला, की तुमच्या माणसानं स्क्रूड्रायव्हर खुपसून माझा एसी फोडला. त्यांच्या इमारतीतल्या चाळीस घरांचं काम आमच्याकडे होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी अकराला दोघांना समोरासमोर बोलावलं.

माझं टेबल केबिनच्या दाराशीच. सगळं ऐकू येत होतं.

"स्क्रूड्रायव्हरनं भोक पडतं," तो सांगत होता. "ही लांब चीर आहे. सुरी घसरली की अशी पडते."

"म्हणजे मी खोटं बोलते?" बाई कडाडल्या. "माझ्या घरात येऊन माझी वस्तू फोडायची आणि वर मलाच चोर ठरवायचं?"

"सुरी लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी त्याला बाजूला सारून साहेबांकडे भरपाई मागितली. सुरीबद्दल कबूल केलं तर एसी त्यांनीच फोडला असं होत होतं.

"साहेब, काल सकाळी फोन कुणी घेतला ते विचारा," तो म्हणाला.

साहेबांनी मला आत बोलावलं. मी दारातच उभी राहिले. "काल सकाळी ह्यांना काय सांगितलंत तुम्ही?"

तो माझ्याकडे बघत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी गरज पडली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटलीच, पण बरंही वाटलं.

"एसी बंद ठेवा, माणूस पाठवते, एवढंच म्हणाले," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून बाईंनी झटकन मान वर केली. आवाज त्यांनी ओळखला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि मी खरं सांगितलं असतं तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फार वेळ लागला नाही.

"हो, एवढंच म्हणाल्या ह्या," बाई म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला," साहेब त्याला म्हणाले. "बॅग जमा करा."

तो भांडला नाही. ऑफिसभर ज्याच्या तोंडाला सगळे टरकायचे, त्यानं बॅग टेबलावर ठेवली, खिशातला टेस्टर काढून बॅगेवर ठेवला आणि बाहेर येऊन दाराशी बूट घालायला लागला. गुडघा वाकत नव्हता म्हणून भिंतीला हात टेकून.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. माझ्या टेबलापाशी थांबल्या, माझ्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "फोनवर तुम्हीच होतात ना, ताई? फार सांभाळून घेतलंत. मी तर घाबरूनच गेले होते."

त्यांना वाटलं हळू बोलल्या. तो दोन हातांवर होता.

आणि मी, रोज पन्नासदा म्हणते म्हणून असेल, त्याच गोड आवाजात म्हणाले, "काही काळजी करू नका. आमचं कामच आहे ते."

एक बूट पायात आणि एक हातात, असा तो वळला. मी वाट बघत होते. त्यानं आरडाओरडा करावा, साहेबांना हाक मारावी, निदान मला शिवी तरी द्यावी. शिवी दिली असती तर आजही मला म्हणता आलं असतं, तो होताच तसा.

बाईंना दाराबाहेर जायचं होतं. तो भिंतीला चिकटून एका बाजूला सरकला आणि त्यांना वाट दिली. मग त्यानं दुसरा बूट घातला आणि तोही गेला.