समासातली जांभई

कंटाळ्याचा इतका मनापासून पाठलाग करणारा माणूस आमच्या साडूंखेरीज अख्ख्या विदर्भात झालेला नाही. कुणी पैशाच्या मागे लागतं, कुणी पुढाऱ्याच्या. आमचे साडू जांभईच्या मागे लागले आणि सगळी नोकरी तिच्यापायी खर्ची घातली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपुरात आमच्या विद्यापीठाची स्वतःची प्रेस होती. तिथे ते प्रुफं तपासायला म्हणून लागले आणि चढत चढत तिचे प्रमुख झाले. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो आणि अधूनमधून पुस्तक लिहायचो. त्यामुळे नात्याने साडू आणि धंद्याने गिऱ्हाईक, असा मी त्यांच्या तावडीत दोन्ही बाजूंनी सापडलो होतो.

ही प्रेस म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या इमारतीमागची एक लांबलचक शेड. आपल्या भागातल्या मुलांना वरचं शिक्षण आपल्या भाषेत मिळालं पाहिजे, अशा हट्टाने कधीकाळी काही प्राध्यापकांनी ती सुरू केली होती. आधी अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवत, मग ऑफसेट आलं, मग संगणक आला. धानावरच्या रोगांपासून दगडी कोळशापर्यंत आणि गोंडी गाण्यांपासून बँकव्यवहारापर्यंत सगळं तिथे छापून निघालं. वरच्या साहेबांना मात्र ती फक्त पावसाळ्यात आठवायची, कारण शेड गळायची आणि साडूंचे अर्ज जायचे. पूर्वी प्रूफ तपासायला दोघं बसत. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. साडू नवे होते तेव्हा वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. एका दुपारी राज्यशास्त्राचं पुस्तक वाचता वाचता समोरचा माणूस झोपला. दुसऱ्या कुणीही त्याला हलवून उठवलं असतं. साडूंनी त्याला झोपू दिलं, तो नेमका कोणत्या वाक्याला झोपला ते पाहिलं आणि समासात पेन्सिलने एक छोटं, आ वासलेलं तोंड काढलं. मग तो कागद घेऊन ते लेखकाच्या घरी गेले आणि म्हणाले, “सर, इथं माणूस पडला.”

तिथून जे सुरू झालं ते पुढे प्रेसचा कायदाच होऊन बसलं. पुस्तक ज्या माणसांबद्दल असेल त्या माणसांना शेवटचं प्रूफ मोठ्याने वाचून दाखवायचं. जिथे जांभई येईल तिथे समासात तोंड काढायचं. आणि लेखकाने पुन्हा लिहून सगळी तोंडं मिटेपर्यंत, ऐकणारे हो म्हणेपर्यंत पुस्तक छापायला घ्यायचं नाही. धानाचं पुस्तक घेऊन हे गृहस्थ कुहीला बांधावर जाऊन बसत. कोळशाचं पुस्तक सावनेरला पाळी सुटल्यावर खाणकामगारांना ऐकवत. एकदा अर्थशास्त्राचे एक मोठे प्राध्यापक प्रेसमध्ये येऊन कडाडले की माझं पुस्तक एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे, बाजारातल्या अडत्यांसाठी नाही. साडू त्यांना पाणी देत शांतपणे म्हणाले, “सर, एम.ए.चे पोट्टेबी जांभया देतात. फक्त तोंड मिटून देतात.” पुस्तक चांगलं दोन वर्षं अडकलं. प्राध्यापकांनी चिडून चिडून ते तीनदा लिहिलं, आणि आता जो तो त्यांना त्याच पुस्तकासाठी ओळखतो. साडूंचे त्यांनी आभार मानलेले मात्र मला आठवत नाहीत.

जांभई ओळखण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खापरखेड्याला वीजकेंद्राच्या राखेवरचं पुस्तक ते चहाच्या टपरीवर वाचून दाखवत होते. मी सोबत होतो. बाकडी अडकून पडली म्हणून टपरीवाला वैतागला आणि ही मंडळी उठावी म्हणून दर वाक्याला भलीमोठी जांभई देऊ लागला. साडू थांबले. त्यांनी टपरीवाल्याच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, “खोटी हाय गा. खरी जांभई शेजारच्याले लागते. तुह्या शेजारचा तर तोंड मिटून बसला हाय.” टपरीवाल्याने हात जोडले आणि सगळ्यांना चहा पाजला. हा नियम त्यांनी मला परतीच्या वाटेवर पुन्हा समजावून सांगितला: लागली तर खरी, नाही लागली तर खोटी.

माझ्या स्वतःच्या पुस्तकाची कथा तर सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. कन्हान खोऱ्यातल्या खडकांवर मी मोठ्या कष्टाने लिहिलं होतं. खडकांना वाचून दाखवता येत नाही, एवढ्यावर मी निर्धास्त होतो. साडूंनी मे महिन्यातल्या दुपारी माझ्याच घरात, माझ्याच बायकोला आणि तिच्या बहिणीला समोर बसवून वाचायला सुरुवात केली. “या दोघी कन्हानचंच पाणी पिऊन वाढल्या, त्यांचा हक्क हाय,” म्हणाले. दुसऱ्या पानावर दोघी आडव्या झाल्या. मी म्हटलं, भाऊजी, हा कूलरचा परिणाम आहे. त्यांनी उठून कूलर बंद केला. उकाड्याने दोघी जाग्या झाल्या, घाम पुसत चार ओळी ऐकल्या आणि पुन्हा झोपल्या. साडूंनी पेन्सिल काढली. त्या पानाच्या समासात इतकी तोंडं झाली की माझ्या नातीने ते पान रंगवायला मागितलं.

घरीही ही खोड सुटलेली नव्हती. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापण्याआधी व्याह्यांच्या ओसरीवर सगळ्या सोयऱ्यांपुढे वाचली आणि प्रेषकांच्या नावांपाशी मुलीच्या आत्याने जांभई दिली म्हणून अर्धी नावं गाळली. त्या अर्ध्यांपैकी बरेच जण अजून बोलत नाहीत. औषधाच्या पुड्यातला कागद, सोसायटीच्या सभेची सूचना, सरकीच्या भावाची बातमी, सगळं ते दुसऱ्याला वाचून दाखवणार. पण स्वतः ऐकून घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. कुणी काही वाचायला घेतलं की त्यांचा हात आपोआप पुढे येई, “आण इकडं, मी वाचतो.” ताई, म्हणजे त्यांच्या बायको, हसून म्हणायच्या, “या माणसाले अजून कोणी काही वाचून नाही दाखवलं. लग्नात मंगलाष्टकंबी हेच म्हणू पाहून राहिले होते.”

आणि मग गेल्या वर्षी हुकूम आला की प्रेस बंद करायची. पुस्तकं आता संगणकावरच ठेवायची, शेडच्या जागी विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका होणार, मार्चअखेर किल्ल्या द्यायच्या. सांत्वन म्हणून की काय, वरच्या साहेबांनी सांगितलं की जाता जाता प्रेसचा एक छोटा इतिहास काढा, समारंभात वाटता येईल. मला वाटलं होतं साडू खचतील. ते खचले नाहीत. खुर्चीवर ताठ बसून मला म्हणाले, “प्रोफेसर, बंद करणं त्यांच्या हातात हाय, ते करतील. पण या प्रेसचं शेवटचं पुस्तक जांभईवालं नाही निघणार. आन् त्या तारखेच्या आत निघणार.” त्यांनी तो इतिहास स्वतः लिहिला. खिळे जुळवणारे, मशीन चालवणारे, बांधणी करणारे, शाई कालवणारे, सगळे त्यात आले. शेवटचं प्रूफ निघालं. आता कायद्याप्रमाणे वाचून दाखवायचं होतं, आणि ज्यांच्याबद्दल ते होतं ती माणसं निवृत्त होऊन गावोगाव पांगली होती. साहेबांनी निरोप धाडला की या एका पुस्तकापुरता तो प्रकार सोडा, तारीख जवळ आली आहे. साडूंनी माझी गाडी मागवली.

सावनेरला नत्थूजी राहतात. त्यांनी उभा जन्म छपाईच्या मशीनपाशी काढला आणि त्या आवाजात दोन्ही कान गमावले. आम्ही अंगणात बसलो, साडूंनी चष्मा चढवला आणि मशीनखान्याचं प्रकरण वाचायला घेतलं. नत्थूजींची सून ओशाळून पुढे आली, “साहेब, बाबाले काही ऐकू येत नाही हो. काहून घसा कोरडा करून राहिले?” साडू मान वर न करता म्हणाले, “मले मालूम हाय, बाई. पण त्याच्यावर लिहिलं ते त्याच्यासमोर वाचलं पाहिजे. आन् जांभई तर डोळ्यांनी दिसते ना.” आणि त्यांनी सगळं प्रकरण, एक ओळ न गाळता, खड्या आवाजात वाचलं. आजूबाजूची माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. नत्थूजी त्यांच्या ओठांकडे पाहत मांडी घालून बसले होते, एखाद्या कार्याला बसावं तसे. संपल्यावर ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सुनेवर ओरडले, “लय बोलले साहेब! चहा टाक वं!” एकही जांभई नव्हती.

शेवटी राहिल्या कुहीच्या यशोधराबाई. त्या बांधणी खात्यातल्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि मुलीला जिथे पुस्तकं असतात तिथेच कामाला लावायचं मनाशी धरलं, असं त्या अभिमानाने सांगत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. “जय भीम साहेब, जय भीम सर, बसा,” म्हणाल्या आणि पाखडता पाखडता सगळं पुस्तक ऐकलं. जांभई एकही नाही. साडू खुशीत कागद गोळा करू लागले. तेवढ्यात बाईंनी सूप खाली ठेवलं. “साहेब, सारे आले याच्यात. तुम्ही कुठी आहा?”

“माह्यं काय त्याच्यात? मी वाचत होतो, बस.”

“मंग हे पुस्तक अर्धं हाय. मी याले हो म्हणत नाही.”

साडू थक्क झाले. त्यांनी तारीख सांगितली, साहेबांचा निरोप सांगितला, प्रेसला कुलूप लागणार हे सांगितलं. बाई ढळल्या नाहीत. “कायदा तुमचाच हाय ना? ज्याच्यावर पुस्तक, त्याचा हो पाहिजे. माहा हो नाही,” म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं. साडूंना इतक्या वर्षांत त्यांच्याच जिद्दीचं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. परतताना उमरेड रस्ता लागल्यावर ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “स्वतःवर स्वतः लिहून स्वतःलेच कसं वाचून दाखवू? प्रोफेसर, तुम्ही लिहा. दोन पानं. फक्त खडकांवर लिहिता तसं नोका लिहू.”

मी लिहिलं. वर जे सांगितलं त्यातलंच थोडं, आवरून सावरून. आणि कायदा होता म्हणून एका दुपारी प्रेसमध्ये त्यांना वाचून दाखवायला बसलो. मशीनवर ताडपत्री टाकलेली होती, कपाटं रिकामी होऊन भिंतीला लागली होती. ताई आल्या होत्या. कुहीहून यशोधराबाई मुलाच्या मोटारसायकलवर बसून मुद्दाम आल्या होत्या. साडू स्टुलावर बसले. मी पहिलं वाक्य वाचताच त्यांचा हात पुढे आला, “आणा इकडं, मी...” आणि यशोधराबाईंनी नुसतं पाहिल्याबरोबर तो मांडीवर परत गेला. ते ऐकू लागले. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांपाशी हसले. कूलरपाशी ताईंकडे बोट दाखवलं. मग मी नत्थूजींच्या अंगणाशी आलो. मी लिहिलं होतं, की आपल्याबद्दल लिहिलेलं आपल्यासमोर वाचलं जावं, हा मान ज्याला ऐकू येत नाही त्याचाही आहे, असं मानणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

साडूंनी तोंडाला हात लावला आणि मोठी जांभई दिली. चष्मा काढून डोळे पुसले, पुसतच राहिले. “इथं जांभई आली बावा,” म्हणाले. “जांभईनं पाणी येते डोळ्याले. हे वाक्य काढून टाका, प्रोफेसर. समासात खूण करा.”

त्यांनी स्वतःची पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. आयुष्यभर त्यांचं ऐकत आलो होतो. पण खूण करण्याआधी मी डावीकडे पाहिलं, ताई बसल्या होत्या. उजवीकडे पाहिलं, यशोधराबाई बसल्या होत्या. दोघींचीही तोंडं मिटलेली होती आणि डोळे भरलेले होते. माझेही.

पुस्तक तारखेच्या आत निघालं. शेडला आता नवा रंग आहे, आत मुलं मान खाली घालून अभ्यास करतात, आणि साडू कधी तिकडून गेले तर दारात क्षणभर थांबून कोण जांभई देतंय ते पाहतात. मला त्या रस्त्याने जाववत नाही, मी वळसा घेऊन जातो. पण ते वाक्य पुस्तकात आहे, शेवटच्या पानावर, आणि त्याच्या शेजारचा समास कोरा आहे. त्यांची जांभई आम्हाला कुणालाच लागली नव्हती.