ढेकर येईपर्यंत

माझ्या बायकोच्या मावशींनी आयुष्यात एकाही बाळाला ढेकर काढल्याशिवाय खाली ठेवलं नाही, आणि तो ढेकर येईपर्यंत आसपासच्या एकाही मोठ्या माणसाला हलू दिलं नाही. बारा वर्षांपूर्वी, लग्नाच्या नवव्या वर्षी, आम्हाला मुलगी झाली. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून बाळंतपणाला मावशी फलटणजवळच्या गावाहून सांगलीला आमच्या घरी आल्या. यजमान फौजेत, त्यामुळे निम्मा जन्म छावण्यांत काढलेला. सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि यजमानांचा हिरवा फौजी टॉवेल. बाळाचं पिऊन झालं की टॉवेल डाव्या खांद्यावर, टॉवेलवर बाळ, आणि मावशींची परेड सुरू: फाटकापासून मोरीपर्यंत, मोरीपासून फाटकापर्यंत. "खामोश!" म्हटलं की मिक्सर बंद, टीव्ही बंद. एकदा गॅसवाला भरलेली टाकी खांद्यावर घेऊन दारात आला. मावशींनी हात वर केला, "थांब रं बाबा, ढेकर यायचाय." टाकी ठेवली तर आवाज होईल म्हणून तो बिचारा तसाच उभा राहिला, आणि ढेकर आला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या आधी तोच ओरडला, "आला, आला!"

ढेकराबरोबर दूधही यायचं. मावशी त्याला सलामी म्हणायच्या. माझ्या इस्त्रीच्या शर्टावर ओघळ आला की म्हणायच्या, "पावणं, सलामी दिली पोरीनं, मान घ्या की!"

मला त्यात गंमत दिसत नव्हती. दर पाजण्यानंतर गुळणी, कधी नाकातून. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढतंय, बाळ हसतंय-खेळतंय. बरीच बाळं असं दूध काढतात. थोडं थोडं पाजा, मग उभं धरा. वरचं दूध देत नाही ना?" बायको नाही म्हणाली, मावशी नाही म्हणाल्या, मीही मान हलवली. तेव्हा ते खरं होतं.

मी कुपवाडला प्रेस मशीन दुरुस्त करतो. जेवढं तेल गळालं तेवढं वरून भरायचं, हे हातात बसलेलं. तेच मी पोरीला लावलं. टॉवेलवरचा डाग बघून अंदाज बांधायचा आणि दुपारच्या सुट्टीत घरी येऊन, बायको झोपलेली, मावशी मागं धुणं धुताहेत असं बघून, तेवढं पावडरचं दूध बाटलीनं पाजायचं. बाटली तांदळाच्या डब्यामागं. सांडलेलं दूध असतं त्याहून फार जास्त दिसतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची माझी रीत नाही. संध्याकाळी पोरगी जास्त ओकायची. दुसऱ्या दिवशी मी जास्त भरायचो.

मग एका संध्याकाळी तिनं इतकं ओकलं की क्षणभर आवाजच फुटेना. मावशींनी तिला हातावर पालथी घेऊन पाठीत थापा मारल्या. ती रडली, तेव्हा आम्ही तिघांनी श्वास घेतला. मावशींनी टॉवेल नाकाला लावला. "हा आईच्या दुधाचा वास न्हाई. ह्यो डब्याचा हाय. कोण देतंय वरचं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला तेव्हाच बोलायचं होतं, खरंच. पण तोंडातून निघालं ते असं: "मावशी, दिवसभर तिच्याजवळ तर तुम्हीच असता."

मावशींनी टॉवेलाची घडी घातली. बायको त्यांना जे बोलली, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोटारसायकलवरून स्टँडवर नेलं. ट्रंक त्यांनी मांडीवर घेतली होती. साताऱ्याची एसटी लागली. पायरीवर एक पाय ठेवून त्या मागं वळल्या.

"पावणं, डब्यामागची बाटली टाकून द्या. पोरीचं पोट एवढंसं हाय, मशीन न्हवं ते."

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"कवाच. पन नवऱ्याला खोटं पाडून भाचीचा संसार सुधारतो व्हय? आता न्हाई देनार, एवढं म्हना. मग मी काय बोलत न्हाई."

"नाही देणार," मी म्हणालो.

मी शब्द पाळला, आणि तिथंच घात झाला. चार दिवसांत पोरीचं ओकणं निम्म्यावर आलं. "बघितलंत," बायको म्हणाली, "मावशी गेली आणि पोर सुधारली." मी मान हलवली. बारा वर्षं हलवत राहिलो. बायकोचा मावशींना फोन दिवाळीला तेवढा, तोही दोन वाक्यांचा.

गेल्या महिन्यात कामानिमित्त फलटणला गेलो, तेव्हा मुलीला मावशींकडं नेलं. आता त्यांना नीट दिसत नाही. पोरगी ताक प्यायली तसा त्यांचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. तिनं मोठ्ठा ढेकर दिला. मावशी समाधानानं म्हणाल्या, "आता ठिवा खाली." पोरगी हसत सुटली. मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

हे लिहिलेलं आज सकाळी मी बायकोला वाचायला दिलं. तिनं कागद घडी करून टेबलावर ठेवले आणि बाहेरच्या खोलीत गेली. आत्ता तिचा आवाज येतोय, "मावशी, मी बोलतेय." मी टीव्ही बंद केलाय. हललेलो नाही.