पद क्रमांक एकसष्ट

मी कुणाच्या वाईटावर असणारी बाई नाही. तोंडाने फटकळ आहे, हे कबूल. पण जिने मला खुर्चीत बसून काम करायला शिकवलं तिच्याच पोटावर मी पाय देईन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि मी दिला. माझ्याच हस्ताक्षरात, आठ ओळींत दिला. त्याला आठ महिने झाले, तरी सकाळी जिना चढताना मी अर्ध्यावर थांबते.

तिला सगळा कारखाना पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायचा आणि तोंडावर ‘बाई’. मी ताई म्हणायचे. पंप बनवणारा आमचा कारखाना, पावणेचारशे माणसं. त्या सगळ्यांचे पगार ठरतात ती जागा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली: तीन टेबलं, चार लोखंडी कपाटं आणि एक खिडकी. ती उघडली की खालच्या ओतशाळेची धूळ थेट फायलींवर, म्हणून कुणी उघडत नाही. खिडकीजवळचं टेबल तिचं, शेजारचं हजेरीचं माझं.

पगार म्हणजे साहेबाची मर्जी, असं लोकांना वाटतं. आमच्याकडेही पूर्वी तसंच होतं म्हणे. साहेबाच्या मुलीच्या लग्नात जो जास्त राबेल त्याची वेतनवाढ मोठी. ताईने ते बंद पाडलं. तिने चिठ्ठ्या आणल्या. कारखान्यातल्या प्रत्येक पदाची एक चिठ्ठी. वर फक्त क्रमांक, माणसाचं नाव नाही, पदाचंही नाही. खाली आठ ओळींत त्या पदावरचा माणूस दिवसभर काय करतो ते. शिक्षण, कौशल्य, जबाबदारी, श्रम आणि कामाची जागा अशा पाच रकान्यांत ताई गुण द्यायची. बेरजेवरून श्रेणी, श्रेणीवरून पगार. चिठ्ठी ज्याची त्याने लिहायची नाही, कारण स्वतःची लिहायला दिली तर झाडूवालाही कारखाना आपल्याच खांद्यावर उभा असल्याचं लिहील. शेजारच्या टेबलावरच्याने किंवा शेजारच्या यंत्रावरच्याने लिहायची. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी साहेबांच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात बंद. गुण देऊन झाले की ताई साहेबांच्या केबिनमधून बाहेर यायची आणि पाकीट तिच्यामागे उघडायचं.

“नाव कळलं की हात ढिला पडतो,” ती म्हणायची. “मला नावं सांगायची नाहीत.”

सख्ख्या भावाचा मुलगा पॅकिंगला होता, त्याचं पद तिच्या गुणांनी एका श्रेणीने खाली आलं. वहिनीने तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलंय. पण खरी कमाल झाली ती बक्षिसाच्या वर्षी. वर्षातला उत्तम कामगार निवडायचा होता, तोही तिने चिठ्ठ्यांवरूनच निवडला. सभेत क्रमांक जाहीर झाला, टाळ्या पडल्या, पाकीट उघडलं, आणि साहेबांचा चेहरा पांढराफटक. बक्षीस मिळालेला लेथवाला दोन महिन्यांपूर्वीच वारला होता. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. ताई मात्र उठली आणि म्हणाली, “गुण त्याचेच आहेत.” भिंतीवरचं घड्याळ होतं बक्षीस, ते काखेत मारून ती संध्याकाळी त्याच्या बायकोकडे गेली. परत आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, की खिळा ठोकून दिला.

चिठ्ठ्या लिहायला मला तिनेच शिकवलं. मी नवी होते, ओतशाळेतल्या एकाबद्दल लिहिलं, ‘अत्यंत काळजीपूर्वक साचा भरतो.’ तिने लाल पेन्सिलने ‘अत्यंत काळजीपूर्वक’ खोडलं. दुसऱ्या चिठ्ठीत ‘मनापासून’ होतं.

“मनाला मी गुण कुठल्या रकान्यात देऊ?” तिने विचारलं. “हात काय करतात ते लिही. बाकी सगळं गाळ.”

मी गाळायला शिकले, चांगलीच शिकले. पुढे पुढे लोक माझ्याकडून चिठ्ठ्या तपासून, स्वच्छ उतरवून घ्यायला लागले. मीही लाल पेन्सिल आणली.

मागच्या वर्षी नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर मुख्य कार्यालयाचा नवा नियम आला. ज्या पदाला दोनशेपेक्षा कमी गुण, ते पद कायम नोकरीतून बाद. काम कंत्राटदाराकडे. माणसाला हवं तर त्याने तिथेच, दोन तृतीयांश पगारावर कंत्राटी म्हणून राहावं. दवाखान्याचा खर्च बंद. बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा मी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं श्रेणी खालीवर व्हायची, घरात थोडी कुरकुर व्हायची. आता गुणांवर माणसाची नोकरीच जाणार होती.

आमचा पगार विभाग आजवर यातून वगळलेला होता. जे गुण देतात त्यांना गुण कोण देणार? नव्या साहेबांनाही ते मान्य होतं. ते पान उलटतच होते, तेवढ्यात ताई उभी राहिली.

“साहेब, आमचाही विभाग घ्या. आपण तेवढे सुटलो तर खालच्या लोकांना तोंड कसं दाखवायचं?”

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय मारला. तिने पाय बाजूला घेतला. तिच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. भावोजी, म्हणजे तिचे यजमान, दोन वर्षांपासून घरी बसून. एका गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या खर्चाने झालेलं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात ठरलेलं. घरात येणारा पगार एकच, तिचा. आणि ही बया स्वतः उठून म्हणते, आम्हालाही घ्या! मी घरी जाऊन नवऱ्याजवळ तिच्या नावाने बोटं मोडली.

नियमाप्रमाणे तिची चिठ्ठी मी लिहायची. पहिला कागद मी मनासारखा लिहिला. लोक तिच्याकडे चिडून येतात आणि शांत होऊन जातात. कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते तिला उचल मागणाऱ्या अर्जावरून कळतं आणि ती ते कुणाला बोलत नाही. तिच्यामुळे या कारखान्यात पगारावरून एकदाही काम बंद पडलेलं नाही. वाचून पाहिलं आणि मलाच लाल पेन्सिल दिसायला लागली. हे कुठल्या रकान्यात? मला लाज वाटली, खरं सांगते. तिची शिष्य असून मी असलं भरताड लिहू? मी गाळत गेले. शेवटी आठ ओळी राहिल्या. माहितीवरून तक्ते भरणे. बेरजा तपासणे. फायली क्रमाने लावणे. पत्रे वाटणे. विचारणा करणाऱ्यांना उत्तरे देणे. सहीसाठी कागद तयार ठेवणे. जुने कागद सांभाळणे. कपाटांना कुलूप लावणे. एक शब्द जास्त नाही. मला वाटलं, ती वाचेल, ओळखेल, आणि मनात म्हणेल, पोरगी तयार झाली. स्वतःचं काम कुणी ओळखणार नाही, हे माझ्या डोक्यात तरी कसं यावं?

गुण देऊन झाले त्या दिवशी ताई नेहमीप्रमाणे केबिनमधून बाहेर गेली. आत साहेब आणि मी. मी क्रमांक आणि गुण वाचायचे, साहेबांनी यादीतून नाव सांगायचं. साठ क्रमांकापर्यंत दहा पदं दोनशेच्या आत आलेली. मग मी शेवटची, एकसष्टची चिठ्ठी उचलली. वर गुण एकशे सत्त्याऐंशी. खाली माझं अक्षर. माहितीवरून तक्ते भरणे.

साहेब म्हणाले, “वाचा ना,” आणि मी नुसती चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. मग त्यांनीच यादीत पाहिलं. खुर्चीत मागे रेलले. मी चिठ्ठी उचलून बाहेर पळाले.

ती डबा खात होती.

“ताई, एकसष्ट नंबर कुणाचा आहे ठाऊक आहे?”

“मला सांगू नकोस. नियम माहीत आहे ना तुला?”

“अहो, खड्ड्यात गेला नियम!”

“अगं, ओरडतेस काय? आवक-जावकचा असेल एकसष्ट. पत्रं वाटायची, कुलपं लावायची. मी थोडे जास्तच दिलेत त्याला.”

“तो तुमचा आहे, ताई.”

घास तिच्या हातात राहिला. मला वेड लागल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे. हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागली. एकदा वाचली, दोनदा वाचली. तिसऱ्यांदा प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचली.

“ही मी?” ती म्हणाली. “एवढंच करते मी?”

मला रडू आवरेना. मी तिथेच फायलींच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसले.

“कुणी लिहिली?”

“मी.”

ओरडली असती, कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “खोटं काही नाही गं यात.” आणि तिचा चेहरा असा झाला, की मी चोवीस वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. “बाई, लेखनातली चूक आहे ही. दोनशे दहा करा, मी सही करतो. विषय संपला.”

“आणि बाकीच्या दहा?”

“त्या चिठ्ठ्या बरोबर आहेत.”

“कशावरून?”

साहेबांनी हातातली यादी उघडली.

“माझी चुकलीय हे तुम्हाला नाव वाचल्यावर कळलं. मलासुद्धा. त्यांची नावं वाचा.”

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ही बाई नावं मागत होती! साहेबांनी यादी माझ्या हातात दिली आणि मी उभी राहून वाचायला लागले. पहिलं कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींचं. दुसरं गोदामातल्या मुक्याचं, ज्याला न बघता कुठला नट कुठल्या खणात आहे ते कळतं. तिसरं बॉयलरवाल्याचं.

“तो?” ताई मध्येच म्हणाली. “त्या वर्षी वाफ गळायला लागली तेव्हा सगळी शेड त्यानेच रिकामी करवली होती ना? चिठ्ठीत काय होतं त्याच्या?”

“‘दाबाची नोंद ठेवणे.’”

तिने समोरचा उघडा डबा बंद केला. “सव्वीस वर्षं,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांत किती चिठ्ठ्या, ती मोजत असावी. मी पुढे वाचू की नको, कळेना. तिने हाताने खूण केली, वाच. मी दहाही नावं वाचली.

तिचं म्हणणं, अकराही पदांची कामं प्रत्यक्ष जाऊन पाहायची आणि नव्याने गुण द्यायचे. साहेब म्हणाले, कागद पाचच्या आत मुख्य कार्यालयात पोचायला हवा. एक आकडा बदलला तर चूक म्हणून खपतो, अकरा बदलले तर चौकशी लागते. तुमचा तेवढा करून देतो. मी तिचे हात धरले. “ताई, भावोजींचा गुडघा! करा ना दोनशे दहा.” त्या क्षणी मला बाकीच्या दहा जणांचं काहीएक पडलं नव्हतं. आजही त्याबद्दल मला फारशी लाज वाटत नाही.

तिने माझे हात सोडवले. गुणांचं पत्रक पुढे ओढलं, सगळे गुण होते तसे ठेवले आणि खाली लिहिलं, ‘वरील गुण चिठ्ठ्या वाचून दिले आहेत. कामे पाहिलेली नाहीत.’ त्याखाली सही केली. मला वाटलं, ही ओळ वाचून मुख्य कार्यालयात कुणीतरी थांबेल. कुणी थांबलं नाही. वर फक्त आकडे वाचले गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती अजूनही त्याच टेबलावर बसते, गळ्यात कंत्राटदाराचं निळं कार्ड, दोन तृतीयांश पगार. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलंय, भावोजी काठी घेऊन चालतात. मला ती एका शब्दाने बोललेली नाही. चिठ्ठ्या मात्र आता कुणी बसल्या जागी लिहीत नाही. ज्याच्या कामाची लिहायची त्याच्याजवळ ती मला दोन-दोन दिवस उभी करते. गुण द्यायचा अधिकार तिला राहिलेला नाही, तरी करते.

त्या सहीनंतर पंधरा दिवसांनी अकरा पत्रं आली. पत्रं वाटणं आमच्याच विभागाचं काम. मी म्हटलं, मी वाटते, तुम्ही बसा. तिने ऐकलं नाही. आपलं पत्र पर्समध्ये टाकलं आणि दहा हातात घेऊन खाली उतरली. मी मागोमाग. शेवटचं बॉयलरवाल्याचं होतं. त्याने हात पँटला पुसून पत्र घेतलं, उजेडाकडे धरून सावकाश वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली.

“बाई,” त्याने विचारलं, “हे ठरवलं कुणी?”

“मी,” ताई म्हणाली.

बॉयलरच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. तो कान पुढे करून वाकला. ती त्याच्या जवळ गेली आणि पुन्हा एकदा, मोठ्याने म्हणाली, “मी ठरवलं.”